पंप उचलण्याआधी

मिरजगावसारख्या बाजारपेठेच्या गावात घरात झुरळं झाली, पलंगात ढेकूण निघाले, तर माणूस जातो कुठे? कृषी सेवा केंद्रात. कर्जत तालुक्यातलं, नगर-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव म्हणजे आसपासच्या वाड्या-वस्त्यांचं दुकान. तुरीला, कांद्याला, उसाला लागणारी औषधं इथेच मिळतात, मग घरातल्या किड्यासाठी वेगळी वाट कोण शोधणार? "भाऊ, झुरळांवर काहीतरी कडक द्या" म्हटलं की काउंटरवर बाटली येते. पाठीवरचा पंप घरी आहेच. टोपणाने अंदाजे औषध, वर पाणी, आणि ओट्यापासून देवघरापर्यंत एकच फवारा. चार दिवस झुरळ दिसत नाही. महिन्याभरात पुन्हा होती तेवढी. मग पुढची बाटली आणखी कडक.

शहरात हेच काम 'पेस्ट कंट्रोल' या नावाने धंदा म्हणून चालतं. मुंबईत १९५४ साली पेस्ट कंट्रोल (इंडिया) ही कंपनी निघाली आणि आज नगरसारख्या शहरातही मोटारसायकलला पंप बांधून फिरणारी मुलं दिसतात. त्यांतले सगळेच जाणते असतात असं नाही. काही जण मिरजगावच्या शेतकऱ्यासारखीच फवारणी करतात, फक्त गणवेश घालून. पण या व्यवसायातला खरा जाणकार पंपाला सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घर पालथं घालतो. कीड कोणती, ती दडते कुठे, खाते काय, पाणी कुठून मिळवते, हे कळल्यावर औषध लागणार की नाही ते ठरवतो. हे निदान आपल्याकडे कोणी करत नाही, त्यामुळे दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार घरोघर चालतो. कोणत्या किडीचं निदान कसं होतं आणि त्यावर काय चालतं, याचा हा आढावा.

सुरुवात डासांपासून करायला हवी, कारण जीव घेणारी कीड तीच. आणि इथे या भागाचा एक विरोधाभास आहे. डास म्हणजे पावसाळा, डबकी, चिखल असं आपल्या डोक्यात बसलंय. कर्जत तालुका तर पर्जन्यछायेतला. सीना नदीवर निमगाव गांगर्ड्याला धरण आहे, तरी टँकरची वाट पाहणं इथल्या लोकांना नवं नाही. २०१८-१९च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात गावोगाव चारा छावण्या उभ्या होत्या. पाणी जितकं दुर्मिळ, तितकं ते घरात साठवलं जातं. प्लास्टिकचे निळे ड्रम, सिमेंटचे हौद, रांजण, न्हाणीतली टाकी. डेंग्यूचा एडिस डास नेमका याच स्वच्छ, साठलेल्या, सावलीतल्या पाण्यात वाढतो. त्यामुळे डेंग्यू दुष्काळातही येतो, आणि कधी कधी दुष्काळामुळेच येतो.

ड्रम जवळून पाहिला तर बरंच कळतं. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते. राईच्या दाण्याहून कितीतरी लहान, काळी, सहज न दिसणारी. ड्रम रिकामा केला, उपडा घातला, तरी ती तिथेच राहतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत असतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खात्याचा आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' याच हिशेबावर बेतलेला आहे. पण तो पाळताना ड्रम नुसता ओतून देणं पुरत नाही, आतून काथ्याने घासावा लागतो. पाणी फेकणं परवडत नाही तिथे टेमिफॉस टाकतात, ज्याला गावात 'अ‍ॅबेट' म्हणतात. योग्य प्रमाणात ते पिण्याच्या पाण्यातही चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उघड्या हौदात आणि विहिरीत गप्पी मासे. ड्रमवर झाकण, किंवा झाकण नसेल तर जुन्या धोतराचं घट्ट बांधलेलं फडकं.

हे सगळं सोडून ग्रामपंचायतीकडे मागणी होते ती धूर फवारणीची. संध्याकाळी गाडी फिरते, गल्ली पांढरी होते, पोरं मागे पळतात आणि कारभाऱ्यांनी काम केल्याचं सगळ्यांना दिसतं. धुराने त्या क्षणी हवेत उडणारे डास मरतात, अळी-अंड्यांना काहीच होत नाही. त्यातून एडिस दिवसा चावणारा. संध्याकाळी तो पलंगाखाली, कपड्यांच्या मागे बसलेला असतो. साथ भडकली असेल तर धुराचा थोडा उपयोग आहे. एरवी तो खर्च घरोघरचे ड्रम तपासणाऱ्या दोन माणसांच्या पगारावर केला तर जास्त पदरात पडेल. घरातल्या कॉइलची गोष्टही फार वेगळी नाही. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. दार-खिडकी लावून, पाळण्यातलं मूल शेजारी ठेवून ती जाळण्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी बरी.

पाण्याला झाकण घाला हा सल्ला नवा नाही. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करून १९११ साली अहवाल दिला, त्यात बोट विहिरींकडेच होतं. शहरातल्या घराघरांतल्या विहिरी हेच डासांचं माहेरघर, त्या बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, असं ते सांगत होते. धर्माच्या नावाने आणि मालकीहक्काच्या नावाने विरोध झाला, पण मुंबईच्या डासविरोधी कामाची दिशा तिथून ठरली. आता तर जग त्याच्याही पुढे गेलंय. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले एडिस डास मुद्दाम सोडले. तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ साली जाहीर झालं. पुद्दुचेरीच्या संशोधन केंद्रातही असे डास तयार झाले आहेत. ते मिरजगावला यायला काळ जाईल. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला, जुलै २०२१मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा हाताशी होतं ते जुनंच : घरोघर भांडी तपासणं आणि ड्रम घासणं.

आता धान्य. या भागाची खरी दौलत ज्वारी, तीही शाळू. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी इथल्या शेतकऱ्याला अजून सोडवत नाही. ज्वारी वर्षभर घरात ठेवायची, म्हणजे टोके-सोंड्यांशी वर्षभराचा संसार. सोंड्याचं काम चोराचं असतं. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि स्वतःच्या चिकट स्रावाने भोक बुजवते. वरून दाणा ठणठणीत. आत अळी पीठ खात वाढते, कोषात जाते आणि महिन्याभराने भोक पाडून पूर्ण वाढलेला सोंडा बाहेर पडतो. सुपात दिसणारे चार किडे म्हणून फसवे. दाण्यांच्या आतल्यांचा हिशेब त्यात नसतो. कडधान्याचा भुंगा वेगळा. हरभऱ्याच्या, मुगाच्या दाण्यावर पांढरा ठिपका दिसला तर ते त्याचं अंडं. तो बहुधा शेतातूनच, शेंगेवरून, पोत्यात आलेला असतो, म्हणून 'घर स्वच्छ होतं तरी भुंगा लागला' ही तक्रार खरी असते. पिठातला तांबडा किडा तिसरा. त्याला अख्खा दाणा फोडता येत नाही, तो फुटक्या दाण्यांवर आणि पिठावर जगतो. धान्य चाळून कणी-भुसा काढला की त्याचं निम्मं बळ गेलं.

जुन्या लोकांची व्यवस्था पाहिली तर थक्क व्हायला होतं. भिंतीतलं बळद, शेणाने सारवलेली कणगी, आणि जमिनीखालचं पेव. पेवाचं तंत्र आज 'हवाबंद साठवण' या नावाने पुन्हा शिकवलं जातं. तोंड बंद झालं की धान्याच्या आणि किडीच्या श्वासाने आतला प्राणवायू संपत जातो, कर्बवायू वाढतो, कीड गुदमरून मरते. तेच पेव माणसालाही मारतं. उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसं गेल्याच्या गोष्टी दुष्काळी पट्ट्यातल्या गावागावांत आहेत. म्हणून आधी कंदील सोडून पाहायची रीत. पर्ड्यू विद्यापीठाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तिहेरी पिशवी काढली, तीही याच तत्त्वावर : आत जाड प्लास्टिकच्या दोन, वर विणलेलं पोतं. अशा हवाबंद पिशव्या आता आपल्याकडेही मिळतात, आणि औषधाचा कण न टाकता धान्य टिकवतात. अट एकच, धान्य आधी नीट वाळलेलं हवं. दाताखाली 'कट्' आवाज येईपर्यंत वाळवा, हे आजीचं मोजमाप सुमारे १० ते १२ टक्के ओलाव्याशी बरोबर जुळतं.

लिंबाचा पाला टाकावा, पण सावलीत सुकवून. हिरवा टाकला तर धान्याला ओल देतो. राख, एरंडेलाचा हात, कडक ऊन हे सगळं चालतं. घरोघर वापरली जाणारी बोरिक पावडर मात्र मला खटकते. झुरळांच्या गोळ्यांत तिची जागा बरोबर आहे, कणीक-साखरेत मळून कपाटामागे ठेवायची. रोजच्या खाण्यातल्या तांदळात नाही. खाद्यपदार्थांत बोरिकला आपल्याकडे परवानगी नाही, आणि 'धुऊन घेतो' हा भरवसा फार लंगडा आहे. पाऱ्याच्या टिकड्यांबद्दल तर काही बोलायलाच नको.

पण सगळ्यात वाईट आहे ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. गोदामात, ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसाच्या हातात ती अप्रतिम काम करते; देशाची धान्यकोठारं तिच्यावर टिकली आहेत. घरात ती मृत्यू आहे. तीन ग्रॅमची एक गोळी सुमारे एक ग्रॅम वायू सोडते. कोठीत टाकली, वर झाकण लावलं, आणि घरातले त्याच खोलीत झोपले, तर वायू झाकणाच्या फटीतून, दाराखालून, कधी शेजारच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा नाही. कायद्याने ही गोळी सामान्य गिऱ्हाइकाला विकताच येत नाही. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाले, तेही मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, एवढ्यांनाच ती मिळायला हवी. प्रत्यक्षात ती कागदाच्या पुडीत सुटी मिळते, हे खेड्यातल्या कोणालाही सांगायला नको.

धान्य म्हटलं की उंदीर, आणि उंदीर म्हटलं की पिसवा. मिरजगावच्या पूर्वेला बीड जिल्ह्याची हद्द लागते. त्याच जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्ट १९९४मध्ये प्लेगने डोकं वर काढलं. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीने लोकांनी घरं सोडली होती, घरात धान्य तसंच. उंदीर माजले. पुढे लोक घरी परतू लागले तेव्हा पिसवांचा उपद्रव आणि उंदीर पटापट मरणं सुरू झालं, आणि मग काखेत-जांघेत गाठी आलेले रुग्ण. महिन्याभरात सुरतेची साथ पेटली आणि मामला मागे पडलं, पण कीडनियंत्रणाचा मोठा धडा मामल्याचाच. उंदीर आधी मारायचे नाहीत. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा उपाशी होतात आणि जवळच्या माणसाकडे वळतात. पिसवा मारणारं औषध आधी, बिळांच्या तोंडांशी आणि भिंतींच्या कडेला, उंदीर त्यानंतर. पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराची-मुंबईत काम करून दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात इंग्रज सरकारने प्लेगच्या झडतीसाठी सोजीर घरात घुसवून लोकांचा संताप ओढवून घेतला होता. सोजीर माणसं हुडकत राहिले, पिसवा मोकळ्या.

वाळवीकडे यायचं तर आधी जुनं घर आठवावं लागेल. या भागातलं माळवदाचं घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर. वाळवीला ताटच वाढलेलं. म्हणून घरातली म्हातारी माणसं पावसाळ्यानंतर चौकटीवरून हात फिरवायची. वाळवीची खूण म्हणजे भिंतीवरून वर चढणारी पेन्सिलीएवढी मातीची नळी. ती नखाने फोडून पाहा. आत पांढुरकी, मऊ वाळवी पळताना दिसली तर वाट चालू आहे. दुसऱ्या दिवशी फोडलेला भाग ओल्या मातीने पुन्हा बुजवलेला असेल, तर शंकाच नको. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकली की पोकळ आवाज येतो, आणि टोक टेकवलं तर रंगाच्या पापुद्र्यातून आत जातं. बाहेरून रंग चकचकीत, आत काही नाही.

लोक ही नळी झाडून काढतात, वर रॉकेल किंवा डांबर फासतात आणि निश्चिंत होतात. दिसते ती वाळवीची फक्त वाट. राणी आणि वसाहत जमिनीखाली, कधी घरापासून बऱ्याच अंतरावर असते. वाळवीचा इलाज लाकडावर होत नाही, मातीत होतो. भारतीय मानक ब्युरोची आयएस ६३१३ या क्रमांकाची संहिता याच विषयावर आहे, आणि तिचा पहिला भाग औषधांचा नाहीच. बांधकाम कसं करावं याचा आहे. खड्ड्यात लाकडाचे तुकडे, शटरिंगच्या फळ्या, मुळं पुरू नका, पाणी घराकडे मुरू देऊ नका, वगैरे. दुसरा भाग बांधतानाच्या औषधाचा. जोत्यातल्या भरावावर, फरशी घालण्याआधी, दर चौरस मीटरला पाच लिटर द्रावण. पायाच्या भिंतींलगत दर चौरस मीटर उभ्या पृष्ठाला साडेसात लिटर. आकडे कोरडे वाटतील, पण गणित करून पाहा. हजार चौरस फुटांच्या घराचा तळ सुमारे ९३ चौरस मीटर. म्हणजे नुसत्या भरावालाच साडेचारशे लिटरच्या वर द्रावण, सोळा लिटरच्या पंपाने जवळजवळ तीस पंप. मिरजगावात आज गल्लोगल्ली स्लॅबची घरं उठताहेत. त्यांतल्या कितींच्या जोत्यात तीस पंप गेलेत? गवंडी दोन पंप मारतो आणि 'वाळवीचं औषध मारलं' म्हणून सांगतो.

घर बांधून झाल्यावर उपाय अवघड होतो, अशक्य नाही. तिसऱ्या भागाप्रमाणे भिंत आणि फरशी मिळतात त्या सांध्यालगत साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, त्यांतून द्रावण जमिनीत मुरवायचं आणि भोकं सिमेंटने बुजवायची. जुनी औषधं वाळवीला जाणवायची. ती वळसा घालून दुसरीकडून यायची. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल यांसारखी नवी औषधं तिला कळत नाहीत. ती त्यातून चालत जाते आणि अंगाला लागलेलं विष वसाहतीत वाटते. परिणाम दिसायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक आठव्या दिवशी भांडायला येतं. एक खबरदारी कोणी सांगत नाही : घराशेजारी विहीर किंवा बोअर असेल तर हे काम फार जपून. जमिनीत मुरवलेलं औषध जमिनीतच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

झुरळाच्या बाबतीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा व्यवसाय पुरता बदलला, तो जेलमुळे. पण आधी ओळख. घरात मुख्यतः दोन जाती. मोठं, लालसर, उडणारं झुरळ गटारातून, शौचालयाच्या टाकीतून येतं. त्याचा बंदोबस्त ओट्याखाली करून उपयोग नाही. जाळी, ट्रॅप, चेंबरचं झाकण इथे करायचा. लहान, पिवळसर, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं ते जर्मन झुरळ, आणि ते घरातच जन्मतं. नावाने जर्मन असलं तरी ते मूळचं आपल्याच बाजूचं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या परिसरातल्या एका जातीपासून ते निपजलं. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी फुटायच्या वेळेपर्यंत पोटाशी बाळगते. फवारणीने मादी मेली तरी कुपीतल्या अंड्यांपर्यंत औषध नीट पोचत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या स्वयंपाकघरात महिन्याभराने झुरळं परत आली, ती यामुळे.

जेलचे ठिपके मसुराच्या डाळीएवढे, बिजागरीत, सिंकच्या खाली, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या मागे द्यायचे. झुरळ खातं, बिळात जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि प्रेत खाऊन दुसरी मरतात. जेल लावल्यावर वरून फवारा मारला तर सगळं फुकट, झुरळं त्या जागेपासून लांब राहतात. हे न समजल्याने 'जेल चालत नाही' असं बरेच जण सांगतात. तरी झुरळही कच्च्या गुरूचं चेलं नाही. अमेरिकेत १९९३ साली लक्षात आलं की काही झुरळं जेलमधल्या ग्लुकोजला तोंडच लावत नाहीत. वीस वर्षांनी संशोधकांनी दाखवलं की त्यांच्या जिभेला गोड हे कडू लागू लागलंय. तेव्हापासून कंपन्या जेलमधला गोडवा बदलत असतात. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच की एकच जेल वर्षानुवर्षं वापरू नये, आणि रात्री ओटा कोरडा ठेवावा. झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून नाही.

ढेकणाचा इतिहास म्हणजे औषधाच्या घमेंडीचा इतिहास. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीवाले गावोगाव भिंती पांढऱ्या करत फिरले, दारावर तारखा टाकत. मलेरिया इतका खाली आला की १९६५च्या सुमाराला देशात वर्षाला लाखभरच रुग्ण उरले. पहिल्या फवारण्यांनी ढेकूणही मेले, आणि लोकांना त्याचंच जास्त अप्रूप. मग ढेकूण डीडीटीला पचवू लागले, फवारणीने नुसते चवताळून बाहेर येऊ लागले, आणि 'औषधाने ढेकूण वाढतात' म्हणत लोक फवारणीवाल्यांना दारातून परत पाठवू लागले. डासांनीही तेच केलं. १९७६ साली मलेरियाचे रुग्ण ६४ लाखांवर गेले होते. ढेकणांसाठी टिक-ट्वेंटी आली, नुवान आलं. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे.

ढेकणाला जे औषधाने होत नाही ते उष्णतेने होतं. पन्नास अंशांच्या वर थोडा वेळ राहिलं तरी ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. परदेशात यासाठी अख्खी खोली यंत्राने तापवतात. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे, फक्त गोधड्या नुसत्या वाळत टाकून भागत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून पत्र्यावर दुपारभर ठेवा. पलंगाच्या सांध्यांत, बाजेच्या विणीत उकळतं पाणी. भिंतीच्या भेगा चुन्याने बुजवा. आणि हे एकदा करून थांबू नका, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. वसतिगृहात एकाच खोलीची फवारणी करणं म्हणजे ढेकणांना शेजारच्या खोलीत पाठवणं.

माश्यांवर फार लिहिण्यासारखं नाही. दारात गाईगुरं आहेत, उकिरडा आहे, तोवर घरात माश्या. अंड्यापासून माशी व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस. शेण त्याच्या आत उचललं, पसरून वाळवलं किंवा गोबरगॅसमध्ये घातलं की संख्या कोसळते. मुंग्यांचंही तसंच. ओळीवर फवारा मारू नका, ती कुठून येते ते शोधा.

राहता राहिला कायदा. कीटकनाशक कायदा १९६८चा, नियम १९७१चे. शेतातल्या पिकासाठी मंजूर झालेलं औषध घरासाठी मंजूर असतंच असं नाही. घरासाठी काय आणि कसं, हे लेबलवर लिहिलेलं असतं, पण ते वाचायला भिंग लागतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषारीपणा सांगतो. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाची बाटली घरात शिरताच कामा नये. शेतातल्या बऱ्याच औषधांत विरघळवणारं तेलकट द्रावण असतं. बंद खोलीत तेच डोकं दुखवतं, उलट्या आणतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. बंद स्वयंपाकघरात तोंडाला पंचा बांधून तेच औषध मारणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

पेस्ट कंट्रोलचा धंदा करायला कृषी खात्याचा परवाना लागतो. त्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी, आणि म्हैसूरची सीएफटीआरआय किंवा हैदराबादची वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था अशा ठिकाणचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. घरी येणाऱ्या माणसाला परवाना विचारा, औषधाचं नाव पावतीवर लिहून घ्या, दुसरी फेरी कधी ते ठरवा. निम्मे लोक तिथेच कळतात. वार्षिक करारावर सही करण्याआधी त्याने घर किती वेळ पाहिलं ते आठवा. पाच मिनिटांत चौरस फुटांवर दर सांगणारा माणूस फवाराच मारणार.

मिरजगावला असा माणूस शहरातून बोलवायचा तर येण्या-जाण्याचाच खर्च कामाहून जड होतो, त्यामुळे तो येत नाही आणि पंप घरातच फिरत राहतो. पण कायद्याला हवी ती कृषी पदवी गावात आहे, अनेकदा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागेच उभी आहे. बोंडअळी आणि तुडतुड्यांत फरक करणाऱ्याला दोन झुरळांतला फरक शिकायला आठवडा लागणार नाही. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, परवाना, एक बॅटरी, चिकट सापळ्यांचं पाकीट, जेलची बंदूक, ड्रिल आणि नीट बसणारा मास्क, एवढं भांडवल. पहिलं काम त्याच्या ओळखीचंच असेल : गावात जोत्यापर्यंत आलेली घरं मोजून त्यांच्या मालकांना फरशी बसायच्या आत गाठणं.